उशिराची चिठ्ठी

विलवड्याच्या अलीकडे, कटिंगच्या तोंडाशी
आमची पत्र्याची चौकी.
दाराच्या आतून रसिकाने पाठवलेला नकाशा
पेजेने चिकटवलाय.
दमट हवेत तो रोज थोडा सुटतो,
रोज थोडी पेज लावतो.

फुकुओका. तीनच रेघा:
नारिंगी, निळी, हिरवी.
आमची एकच, आणि तीही कुणी रंगवलेली नाही.

रात्रपाळीला निघताना मी बत्ती तपासतो,
फटाक्यांचा डबा तपासतो,
आणि नारिंगी रेघेवरची नावं म्हणत चालू लागतो.
पाढे म्हणावेत तशी, अडखळत:
मेइनोहामा, मुरोमी, फुजिसाकी, निशिजिन...
पुढे तोजिनमाची.
तिथे माझी जीभ रुळावरून उतरते.
बुधाजी म्हणतो, "ओ धुरी, तुमका खूळ लागला हा."
लागांदे.

रसिका तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळ घालते,
घास भरवते, कूस बदलून देते.
सांगत होती, तिथे स्टेशनागणिक एक चित्र असतं,
ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी.
मुरोमीला पांढरे मासे,
फुजिसाकीला वेलीची फुलं.
माझी शाळा चौथीपर्यंत.
विचारलं, आपल्या विलवड्याला काय काढशील?
म्हणाली, तुमचे गमबूट.
आणि राजापूर रोडला?
तिथून राजापूरपर्यंतचं रिक्षाचं भाडं, म्हणाली,
पण ते चित्रात मावायचं नाही.

मेइनोहामाला गाडी जमिनीतून वर येते,
आणि थोडं पुढे गेलं की समुद्र.
हामा म्हणजे किनारा, बाबा.
मी हसलो. आमच्या गाडीतून समुद्र दिसेल
असं फक्त मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं;
ते खिडकी धरून बसतात
आणि बोगदे मोजत मडगावला उतरतात.

मार्चात तिचं पाकीट आलं.
आत तळहाताएवढी चिठ्ठी, तारीख, शिक्का.
गाडी पाच मिनिटं उशिरा आली
म्हणून स्टेशनवाल्यांनीच दिलेली,
कामावर दाखवायला:
चूक हिची नाही, आमची.

पाच मिनिटं!
आमच्याकडे त्याला उशीर म्हणत नाहीत,
चहा म्हणतात.

तिची आई ओरोसच्या दवाखान्यात होती
त्या संध्याकाळी मी पॅसेंजरला बसलो.
नांदगावला क्रॉसिंग.
समोरून राजधानी, मग मालगाडी,
मग आणखी एक, जिचं नाव मला अजून माहीत नाही.
एकच रेघ. एकाने थांबायचं, तेव्हा दुसरा जातो.
नियम मला पाठ.
मी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही.
फलाटावर एकजण उकडलेले शेंगदाणे विकत होता,
ते घेतले, खाल्ले.
पोचलो तेव्हा खाटेवरची चादर बदलून झाली होती.
दारात रसिका, दहावीतली,
शाळेच्याच कपड्यांत.
तिने विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

चिठ्ठी का पाठवली, ते पाकिटात लिहिलेलं नव्हतं.
प्लास्टिकच्या पिशवीत घालून
ती मी रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवतो.
जपानी अक्षरं, मला काय कळणार;
पण शिक्का लाल आहे, तो कळतो.

दोन वाजून दहा मिनिटं.
बोगद्यात पाणी गटाराच्या आत आहे,
वरचा दगड जागेवर.
मी मुरोमी म्हणतो, बोगदा मुरोमी म्हणतो.
तेवढ्यात मागून भोंगा,
मी भिंतीतल्या कोनाड्यात सरतो, बत्ती धरतो,
डबे मोजतो. बेचाळीस.
शेवटच्या डब्याचा लाल दिवा लहान लहान होत जातो.

तिकडे आता उजाडत असेल,
ती पहिली गाडी धरायला निघाली असेल.

तोजिनमाची.
आज नीट जमलं,
आणि ऐकायला बेडूक.